तीन हलक्या, तीन जड

७ एप्रिल २०१९, रविवार

आज पाळी त्यांची. सकाळी साडेनऊला चर्चच्या मनोऱ्यातून ढण्ण, ढण्ण, ढण्ण सुरू झालं आणि माझ्या कपातल्या चहावर बारीक लाटा उठल्या.

"म्हशी निघाल्या वाटतं पाण्यावर," क्लेम म्हणाला.

ही वही क्लेमनेच वाढदिवसाला दिली. "तुला जे बोलायचंय ते हिला सांगत जा, मला बातम्या ऐकू दे." चाळीस वर्षांच्या संसारानंतर नवरा असा बोलतो! पण वही चांगली जाड आहे, म्हणून माफ केलं.

तर वहीबाई, ऐका. आमच्या ऑटरकूमच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत. पहिली सगळ्यात हलकी, सहावी सगळ्यात जड. माझी तिसरी. सहा घंटा, सहा माणसं, आणि मी त्यांची कप्तान. तीन वर्षांपूर्वी देशाने मत दिलं, युरोपात राहायचं की बाहेर पडायचं. तेव्हा पहिल्या तीन घंटांची माणसं 'राहायचं' म्हणणारी निघाली आणि शेवटच्या तिन्हींची 'पडायचं' म्हणणारी. ठरवून केलं असतं तरी इतकं नीट जमलं नसतं. तेव्हापासून एका रविवारी आम्ही टिंग टिंग टिंग, दुसऱ्या रविवारी ते ढण्ण ढण्ण ढण्ण. तीन वर्षांत गावाने पुरं वाजवणं ऐकलेलं नाही.

आणि गंमत अशी की देश गेल्या महिन्यात बाहेर पडणार होता, तोही पडला नाही. बूट घालून दारात उभा आहे आणि छत्री सापडत नाहीये.

१४ एप्रिल, रविवार

आज आमची पाळी होती. झकास वाजवलं. पाचवी ओढणाऱ्या पोस्टमनचा कुत्रा आमच्या पाळीलाच रडतो, पण त्याला त्याच्या मालकाची शिकवण आहे.

प्रार्थनेनंतर पाद्रीबाईंनी सूचना वाचल्या. छपराची गळती, केकची स्पर्धा आणि "आपल्या एव्हिस यो यांनी घर विकलं असून त्या बारा जूनला यॉर्कशरला, लेकीकडे कायमच्या राहायला जात आहेत."

मला काही वाईट वाटलं नाही. नाकात काहीतरी गेलं होतं, एवढंच.

एव्हिसची चौथी. एक्केचाळीस वर्षं ती माझ्या शेजारी उभी राहून दोर ओढत आली. माझ्या लग्नात केक तिने केला, तिचा नवरा समुद्रावरून परत आला नाही त्या आठवड्यात मी तिच्याकडे झोपायला गेले. आणि तीन वर्षांपूर्वी निकालाच्या सकाळी, दुकानाच्या रांगेत, सगळ्यांसमोर मी तिला म्हणाले, "तुझ्यासारख्या अडाणी बायांनी देश बुडवला." ती पावाची लादी उचलून निघून गेली. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. तशी ती चूक देशाची आहे, माझी नाही.

१५ एप्रिल

पाद्रीबाई सकाळीच आल्या. केक खाल्ला, हवापाणी झालं, मग म्हणाल्या, "एव्हिसबाईंनी एकच गोष्ट मागितलीय. नऊ जून त्यांचा इथला शेवटचा रविवार. त्या दिवशी सहाच्या सहा घंटा वाजाव्यात."

मी म्हटलं, "आनंदाने. त्यांनी चूक झाली म्हणून कबूल करावं, लगेच वाजवू."

"आणि तिकडचे एन्डकॉट म्हणतात, तुम्ही हरलात म्हणून कबूल करा, लगेच वाजवू."

"मग झालंच की," क्लेम पेपरच्या मागून म्हणाला. "दोघंही आनंदाने तयार आहेत."

२८ एप्रिल, रविवार

मनोऱ्यात बैठक झाली. चौसष्ट गोल पायऱ्या चढून सहा जणं तीन वर्षांनी एका खोलीत आली. इकडच्या बाकावर ह्यू दंतवैद्य, कुंभारकाम करणारी जोसलिन आणि मी. तिकडे एव्हिस, पोस्टमन सिरिल आणि सहावी ओढणारा एन्डकॉट. एन्डकॉटच्या ऐंशी गाई आहेत आणि आवाज त्याने त्यांच्यासाठीच कमावलाय.

"बाई, बोला की," तो म्हणाला. "कप्तान तुमी."

"मी काय बोलणार? देशाचं वाटोळं तुम्ही केलंत."

"वाटोळं? अजून बाहेर तरी कुठं पडू दिलंय तुमी लोकांनी!"

"युरोपने तुमच्या गोठ्याला छप्पर दिलं, एन्डकॉट!"

"अन् फार्म केवढे भरून घेतले! छपरापेक्षा कागदच जास्त झाले. कागदच वर टाकले असते तरी गळलं नसतं."

ह्यूला हसू आलं. ह्यू आमच्या बाजूचा आहे, त्याला हसायचं काही कारण नव्हतं.

शेवटी एव्हिस बोलली. तीन वर्षांनी तिचा आवाज मी इतक्या जवळून ऐकला. "मनोऱ्यात युरोपचं नाव काढायचं नाही. जो काढेल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे."

मान्य झालं. दर बुधवारी सराव. आज कप मी धुतले. सुरुवात माझ्यापासून झाली असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

८ मे, बुधवार

हसून हसून पोटात कळ आलीय. नीट लिहिते.

घंटा वर तोंड करून उभी राहते तेव्हा ती पलीकडे उलटू नये म्हणून एक लाकडी दांडा असतो. ह्यूने तीन वर्षांचा सगळा राग काढून दोर ओढला आणि दांडा काडकन मोडला. अशा वेळी दोर सोडायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. ह्यूने सोडला नाही. दंतवैद्य माणूस, एकदा पकडलं की पकडलं. दोर सरसर वर गेला आणि त्याच्याबरोबर ह्यूही. त्याच्या विजारीतून पिवळे मोजे दिसायला लागले, मग पोटऱ्या.

"सोडा वो डॉक्टर!" एन्डकॉट ओरडला आणि त्याने ह्यूचे दोन्ही पाय मिठीत घेतले. "राहायचं का जायचं ते आता ठरवा!"

ह्यूने दोर सोडला. दोघं चटईवर कोसळले. मग एन्डकॉटच्या पोटावर पडल्या पडल्या ह्यू म्हणाला, "तुमची उजवीकडची दाढ किडलीय. उद्या या."

एव्हिस भिंतीला टेकून डोळे पुसत होती. आमची नजरानजर झाली. हसण्यात तिचा पुढचा तुटका दात दिसला, तो अगदी तसाच आहे. मी पटकन दुसरीकडे बघितलं, नाहीतर मीही जोरात हसले असते.

१२ मे, रविवार

आज बरं वाटत नाही. तब्येतीला काही झालेलं नाही. एन्डकॉट दांडा करेपर्यंत ह्यूची पहिली घंटा बंद आणि पाळी आमची, म्हणून आज कोणीच वाजवलं नाही, आणि गाव शांत असलं की माझ्या डोक्यात नको ते बोलायला लागतं.

वहीबाई, तुम्हाला सांगते. क्लेम सोडून कोणाला ठाऊक नाही, आणि क्लेम म्हणजे भिंत.

त्या दिवशी मी मत दिलंच नाही.

स्ट्रॉबेरी आणल्या होत्या बारा किलो. सकाळी म्हटलं, जरा उन्हं उतरली की जाऊ. दुपारी पाऊस आला. संध्याकाळी क्लेम निघाला तेव्हा पातेलं रटरटत होतं आणि मी बशीवर थेंब टाकून जॅम जमतोय का ते बघत होते. तो म्हणाला, "चल." मी म्हटलं, "तू हो पुढे, हे उतरवलं की येते." राहणारेच जिंकणार असं सगळे सांगत होते. माझ्या एका मताने काय होणार होतं? एकोणीस बरण्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि घड्याळ बघितलं तर दहा वाजून गेले होते, मतदान बंद.

दर वर्षीची एव्हिसची बरणी, दुपारच्या पहिल्या घाण्यातली, क्लेमने जाता जाता तिच्या दारात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुकानात मी तिला जे बोलले ते बोलले.

लाज वाटते. पण तीन वर्षं ओरडल्यानंतर आता कोणत्या तोंडाने सांगू? आणि हे कुणाला कळणारही नाही, मग उगीच कशाला?

१५ मे, बुधवार

जमलं! जमलं! चार मिनिटं सलग सहाही घंटा!

एन्डकॉटने नवा दांडा आणला, स्वतःच्या शेतातल्या अॅश झाडाचा, तासून गुळगुळीत केलेला. बदल्यात ह्यूने त्याची दाढ भरली. "दुखलं का?" मी विचारलं. "दुखलं न्हाई वो, पण तोंडात कापूस घालून अर्धा तास ऐकवलं मला, अन् मला उत्तर देता येईना!"

वहीबाई, आमचं काम कसं चालतं ते सांगते. सुरुवातीला एक ते सहा, ओळीने. मग मी दोन आकडे पुकारते, त्या दोघी जागा बदलतात. घंटेला उडी मारता येत नाही, फक्त शेजारणीशी अदलाबदल. असं करत करत क्रम पार विस्कटायचा आणि मग एकेक जोडी बदलत सगळ्यांना पुन्हा घरी आणायचं. कोणता आकडा कधी पुकारायचा ते सगळं कप्तानाच्या डोक्यात. वाजवणाऱ्याने एकच लक्षात ठेवायचं, आपण कुणाच्या मागे आहोत.

आज सगळ्या घंटा घरी आल्या तेव्हा सिरिलने जोसलिनचा मुका घेतला. मग दोघंही लाजली. खाली उतरलो तर दुकानदारीणबाई दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती.

एव्हिसला पायऱ्या उतरायला वेळ लागतो, कंबर फार धरलीय. मी तिच्या पुढे सावकाश उतरले, ती पडली तर माझ्यावर पडावी म्हणून.

२३ मे, गुरुवार

पुन्हा मतदान! ज्या युरोपातून निघालोय त्याच युरोपच्या संसदेसाठी. निघालेल्या पाहुण्याला पुढच्या महिन्याच्या जेवणाचं विचारावं, तसं. मी या वेळी सातच्या ठोक्याला गावच्या सभागृहात हजर. माझ्या आधी कोणी नव्हतं, दार उघडायलाही मीच मदत केली.

टेबलाशी एव्हिस होती. तीस वर्षं प्रत्येक निवडणुकीला तीच बसते, समोर नावांची यादी, हातात शिसपेन्सिल आणि लाकडी पट्टी. तिने माझं नाव शोधलं, खाली पट्टी ठेवली आणि नावावर सरळ रेघ मारली. रेघ मारून झाल्यावरही ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली.

"आज लवकर आलीस," ती म्हणाली.

तीन वर्षांत तिने मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य! मी उशिरा उठते हे ती अजून विसरली नाही तर. मला टोमणा कळला, पण राग आला नाही, उलट दिवसभर गुणगुणत होते. क्लेमला सांगितलं. तो म्हणाला, "थर्झा, तू हुशार बाई आहेस, पण सलग नाही."

याचा काय अर्थ?

२९ मे, बुधवार

सगळं घालवलं. मीच.

निकाल लागले, बाहेर पडणाऱ्यांचा पक्ष पहिला आला. सिरिल टोपीत झेंडा खोचून आला होता. झेंडा एवढासा, केकवर लावतात तेवढा. मी भडकले. कप धुवायची पर्वा न करता सगळं काढलं, युरोप, औषधं, पोरांचं भविष्य. म्हणाले, "या देशाने एवढी मोठी चूक केली आणि एकाही माणसात ती चूक म्हणायची हिंमत नाही! एकाही!"

"बाई, पुरे की," एन्डकॉट म्हणाला.

एव्हिसने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर परवडलं असतं. तिने दोर खुंटीला अडकवला आणि एकेक पायरी धरत खाली निघून गेली.

५ जून, बुधवार

ती आली नाही. पाच जणांनी चहा घेतला. झेंडा सिरिलने खिशात ठेवला होता.

८ जून

तिच्या घरापर्यंत गेले. खिडकीतून नुसती खोकी दिसत होती. दार वाजवायचं धाडस झालं नाही. चिठ्ठी टाकली: "उद्या साडेनऊ. चौथीशिवाय तिसरीला करमत नाही. थ."

उद्या ती आली नाही तर संपलंच. बारा तारखेला ती जाईल आणि 'अडाणी' हा माझा तिच्याशी बोललेला शेवटचा धड शब्द राहील.

९ जून, रविवार

आली!

चौसष्ट पायऱ्या चढून, धापा टाकत. चौथीचा दोर घेतला. खाली चर्च तुडुंब, बाहेर भिंतीवर पोरं, शेजारच्या गावची माणसं खुर्च्या घेऊन आलेली. खिडक्या सताड उघड्या. मी म्हटलं, "निघाली पहिली!" आणि सहा घंटा अशा ओघळल्या की माझ्या अंगावर काटा आला.

मी पुकारत गेले, ते बदलत गेले. सगळं सुरळीत. मग माझी नजर एव्हिसच्या हातांवर गेली. दोर धरलेले हात. मतदानाच्या दिवशी त्याच हातात पट्टी होती. रेघ मारून ती बघत राहिली. आज लवकर आलीस. तीस वर्षं त्याच टेबलाशी.

अगं बाई!

म्हणजे त्या वर्षी माझ्या नावावर रेघ नाही हे तिने बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात मी तिला अडाणी म्हणाले तेव्हाही तिला ठाऊक होतं. तीन वर्षं, माझ्या प्रत्येक ओरडण्याला, तिला ठाऊक होतं.

माझ्या तोंडून भलताच आकडा गेला. बिचारे आज्ञाधारक, लगेच बदलले. मी पाठ असलेले पुढचे आकडे पुकारले, ते भलत्याच घंटांना लागू झाले. दोन घंटा एकदम वाजल्या, मग एक खड्डा, मग पुन्हा दोन. ताटांचं कपाट जिन्यावरून खाली यावं तसा आवाज. क्रम काय झालाय ते मला काही केल्या आठवेना.

अशा वेळी कप्तानाने "थांबा" म्हणायचं असतं. सगळे थांबतात, अब्रू निम्मी वाचते. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "चुकलं! माझं चुकलं!"

"आँ?" एन्डकॉट ओरडला. घंटांखाली आकडे सोडून काही चटकन कळत नाही.

"माझं चुकलं!"

"कुणाचं?"

"माझं! मी चुकले! मी!" सताड उघड्या खिडक्या. म्हणे खाली कबरींपर्यंत ऐकू गेलं.

"कळलं वो बाई! आता म्होरं काय?"

आणि एव्हिस, दोर ओढता ओढता, शेजारून शांतपणे म्हणाली, "थांबवू नकोस. विचार सगळ्यांना, कोण कुणाच्या मागे."

मी विचारलं. "मी सगळ्यात पुढे," जोसलिन म्हणाली. "मी दोनच्या मागे," एव्हिस. "मी एव्हिसबाईंच्या," ह्यू. "म्या डॉक्टरच्या!" एन्डकॉट. मी एन्डकॉटच्या मागे होते, आणि माझ्यामागे सिरिल. पूर्ण क्रम एकालाही ठाऊक नव्हता, पण आपल्या पुढचं माणूस प्रत्येकाला ठाऊक होतं. दोन, चार, एक, सहा, तीन, पाच. झालं की!

"चार-एक!" मी पुकारलं. "दोन-एक! सहा-तीन! सहा-पाच!" प्रत्येक हाकेला गोंधळ थोडा कमी. राहिली एकच जोडी, चौथी आणि तिसरी. एव्हिस माझ्या जागेवर, मी तिच्या. मी तिच्याकडे बघत राहिले आणि आकडे पुकारायचेच राहिले.

"चार-तीन," एव्हिसनेच म्हटलं. "ये, पुढे ये."

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. घरी.

चहाला सभागृहात गेलो. एव्हिसने पिशवीतून एक बरणी काढून माझ्यासमोर ठेवली. माझंच अक्षर: स्ट्रॉबेरी, २३ जून २०१६. झाकण कधी उघडलेलंच नाही.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"सकाळी सातपासून वाट बघत होते. पावणेदहाला दारापर्यंत जाऊन रस्ता बघून आले."

"अगं, पण मी आले असते तर तुझ्याच विरुद्ध मत दिलं असतं ना?"

"ते दिलं असतंसच. तरी यावंस असं वाटत होतं. घरी गेले तर दारात ही."

"मग तीन वर्षांत एकदा तरी माझ्या तोंडावर का नाही फेकलंस?"

"यादीतलं बाहेर बोलायचं नाही, शपथ असते. आणि मला वाटायचं, थर्झा आहे, कधीतरी आपणहून सांगेल. तू फारच वेळ लावलास, बाई."

एवढ्यात एन्डकॉट बशी घेऊन आला. "कसली बरणी? द्या की हिकडं!" एव्हिसने चटकन चिठ्ठीवर अंगठा ठेवला. तो अंगठा मी बाजूला केला आणि उभी राहून मतदानाच्या दिवसाची ती तारीख मोठ्याने वाचली. मग सगळं सांगितलं. बारा किलो स्ट्रॉबेरीसकट.

ह्यूने कप खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. आपल्याच बाजूच्या माणसाने असं बघितलं की फार लागतं.

एन्डकॉटने बिस्किटासारख्या गोल पावावर आधी साय लावली, मग वर माझा जॅम, आणि सगळा घास संपवून म्हणाला, "म्हंजे तीन वर्सं आमाला शिव्या, अन् तुमी ह्ये करत होता?"

"हो."

"झालाय मातुर झकास." आणि तो हसला, गाई घाबरतील असा. मग सिरिल, मग जोसलिन, शेवटी ह्यूसुद्धा. बरणी दहा मिनिटांत रिकामी.

झेंड्याच्या दिवशी मनोऱ्यात युरोपचं नाव काढल्याबद्दल बावन्न कप मी धुतले. एव्हिस पुसायला उभी राहिली. अर्ध्यावर आल्यावर मी म्हणाले, "अडाणी म्हणाले होते तुला. अडाणी मी." ती म्हणाली, "या कपाला लिपस्टिक राहिलीय, नीट धू." मी तो पुन्हा धुतला, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बशी फुटली.

१२ जून, बुधवार

कल्पना एन्डकॉटची. एव्हिसच्या लेकीची गाडी निघायच्या वेळी आम्ही पाचजण मनोऱ्यात चढलो. चौथीचा दोर कोणी घेतला नाही, आणि तिची जागाही कोणी भरली नाही. एक, दोन, तीन, मग एका घंटेएवढी शांतता, मग पाच, सहा. ती शांतता सांभाळणं वाजवण्यापेक्षा कठीण जातं. मला तर समोरचं धूसर दिसत होतं.

गाडी पुलाजवळ आली असावी. आम्ही वाजवत होतो. एक, दोन, तीन,

पों!

पाच, सहा.

एन्डकॉटचे डोळे एवढे मोठे झाले. एक, दोन, तीन, पों! पाच, सहा. अगदी ठोक्यावर. लेकीच्या अंगावरून हात घालून म्हातारीने हॉर्न धरला असणार. कोणी थांबेना, आम्हीही नाही आणि तीही नाही. टेकडी चढून गाडी पलीकडे गेली, पों बारीक होत गेलं, तरी आपल्या जागेवर येतच राहिलं.

यापुढे दर रविवारी आम्ही पाचजण चौथीची जागा मोकळी ठेवूनच वाजवणार.